कोळसा धक्क्यावर क्रेन थांबली त्याबाबत

मी, कोळसा धक्क्यावरचा सिग्नलमन, धक्क्यावर मुकादादा म्हणून ओळखला जाणारा, वय एकोणपन्नास वर्षे, धंदा नोकरी, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, राहणार धक्क्यामागची कामगार वसाहत, समक्ष ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून, देवाला स्मरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी व आईसह राहतो. जहाजाच्या कडेला उभे राहून क्रेनच्या ड्रायव्हरला हाताने खुणा करणे हे माझे काम आहे. ड्रायव्हर उंच केबिनमध्ये असतो. जहाजाचे पोट, ज्याला आम्ही होल्ड म्हणतो, ते त्याला वरून नीट दिसत नाही. तेथे माणसे फावड्याने कोपऱ्यातला कोळसा ओढत असतात. वर घे, खाली सोड, डावीकडे, उजवीकडे, थांब, एवढीच आमची भाषा. म्हणून मला मुका म्हणतात. घरी मी बोलतो.

आपल्याकडे अटकेत असलेला क्रेन ड्रायव्हर माझा साडू आहे. कंपनीची तक्रार अशी की परवा सकाळी त्याने परदेशी संघटनांशी संगनमत करून काम बंद पाडले. मला कंपनीच्या वतीने साक्षीदार म्हणून पाठवले आहे. मी जे पाहिले व केले ते सांगतो.

माझी पुतणी दवाखान्यात नर्स आहे व शहरातल्या पर्यावरण गटात काम करते. कोळसा भरतात त्या बंदरांतले गट आणि उतरवतात त्या बंदरांतले गट, अशा सात देशांतल्या सात गटांनी मिळून हवामानासाठी मोहीम काढली आहे. तिकडून जहाज सुटले की तिकडचे लोक कळवतात, इकडचे वाट पाहतात. दर आठवड्याला संगणकावर बैठक होते. तेव्हा कोणाकडे पहाट असते, कोणाकडे जेवणाची वेळ.

सातही बंदरांत एकाच दिवशी एकच फलक धरायचे ठरले होते, पण मजकुरावर गाडी अडली. एक म्हणे, कोळसा बंद करा असे लिहा. कोळसा भरणाऱ्या बंदरातला म्हणाला, आमच्या गावाची चूल त्यावर पेटते, बंद लिहिले तर माझा सख्खा भाऊ माझा उंबरा चढणार नाही. तिसऱ्या देशात नुसता फलक धरला तरी तुरुंग. पुतणी मला म्हणाली, "काका, तीन बैठका झाल्या, नुसता शब्दांचा चिखल. तुम्ही बिनशब्दांचं काम करता. सुचवा ना काहीतरी."

मी तिला थांबाची खूण दाखवली. दोन्ही हात खांद्याच्या उंचीला बाजूंना पसरायचे, तळवे जमिनीकडे. ही खूण सगळ्या बंदरांत सारखी आहे. पुढच्या बैठकीत तिने मला संगणकासमोर उभे केले. बाकीच्या सहा चौकटींतल्या माणसांनी ती माझ्याकडे बघून केली. एका म्हाताऱ्या गृहस्थाने तळवे वर केले. मी पुतणीला म्हणालो, "त्यांना सांग, असं केलं की मागितल्यासारखं दिसतं. आपण मागत नाही, थांबा म्हणतोय." तिने ते त्यांच्या भाषेत सांगितल्यावर ते हसले व त्यांनी हात पालथे केले. एका बाईंनी मागे बसलेल्या माझ्या आईची विचारपूस केली. परदेशातून मला मिळाले ते एवढेच. साडूला यातले काही माहीत नव्हते.

साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की साडूला या मोहिमेचा तिटकारा आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडे जेवायला आला असता तो पुतणीला म्हणाला, "पोरी, कोळसा गेला की तुझे सात देश मिळून माझ्या घरी स्वयंपाक करणार का?" ती म्हणाली, "मावसोबा, कोळसा जाईल तेव्हा तुमच्या कामाचं काय, हेच तर आम्ही भांडून मागतोय." तो म्हणाला, "आधी भाजी वाढ." त्यावर विषय संपला.

पुतणीचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, याच धक्क्यावर होल्डमध्ये कोळसा ओढायला होते. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, उष्णतेची लाट असताना, ते खाली उतरले ते परत वर आले नाहीत. त्याबद्दल मला विचारलेले नाही.

परवा सकाळी पाळी सुरू झाल्यावर मी जहाजाच्या कडेला होतो. होल्डमध्ये दोन माणसे होती. कुंपणापलीकडच्या रस्त्यावर गटाचे तीस-चाळीस लोक जमले होते. रस्ता सर्वांसाठी खुला आहे. त्यांना फक्त ती खूण करून फोटो काढायचा होता. त्यांच्याकडे माझी पाठ होती. मी क्रेनला खाली सोड अशी खूण केली. कोळसा उचलणारा पंजा अर्ध्यावर येऊन थांबला. मी पुन्हा खूण केली. पंजा हलला नाही. मग वॉकीटॉकीवर साडूचा आवाज आला, "मुक्या, मागे बघ. आख्खी वरात थांब म्हणतेय. खाली कोण सापडलंय?"

मी म्हणालो, "कोणी नाही. त्यांचा कार्यक्रम आहे."

तो म्हणाला, "तुला पाठीला डोळे आहेत का? मी उतरतो."

तो शिडीने उतरला. होल्डमधल्या दोघांना त्याने वर बोलावून घेतले, धक्क्याची कड आणि रुळांची बाजू स्वतः फिरून पाहिली, नंतरच वर चढला. तोवर काम थांबलेले होते. क्रेन थांबलेली पाहून रस्त्यावरच्यांना वाटले की आत अपघात झाला. पुतणीने सर्वांत आधी हात खाली घेतले व ती कुंपणाशी धावत येऊन मला ओरडून विचारू लागली, "काका, खाली कोण आहे? सांगा ना, कोण आहे?" तिला समजावण्यात माझा थोडा वेळ गेला.

आमच्या कामात नियम आहे की वर घे, खाली सोड या खुणा फक्त सिग्नलमनच्या पाळायच्या, पण थांब ही खूण कोणीही केली तरी पाळायची. झाडूवाल्याने केली तरी, वाटसरूने केली तरी. आधी थांबायचे, मग विचारायचे. हा नियम मी पुतणीला किंवा त्या सहा जणांना सांगितला नव्हता. पाणी ओले असते हे कोणी कोणाला सांगत नाही, तसे माझे झाले. त्या दिवशी आणखी तीन देशांत क्रेन थांबल्या असे कंपनीचे साहेब सांगतात आणि हा कट असल्याचे म्हणतात. तेथेही वर कोणीतरी ड्रायव्हर बसलेला असणार व त्यालाही हाच नियम शिकवलेला असणार. कट म्हणायचा तर तो एवढाच.

खूण मी शिकवली. साडूने फक्त ती पाळली. कंपनीला कोणावर कारवाई करायची असल्यास ती माझ्यावर करावी. हे मी घरी सांगून आलो आहे. आई म्हणाली, जाऊन ये.

साहेबांनी विचारले की उद्या पुन्हा कोणी तसे उभे राहिले तर काय करणार. मी सांगितले की पुन्हा थांबावे लागेल. कंपनीने नियम बदलला तर मी होल्डमध्ये कोणाला उतरू देणार नाही. परवा माझ्या साडूने काम थांबवले ते असे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात शेवटी, माझ्या साडूने काम बंद पाडले, असे लिहिले गेले होते. तेथे थांबवले असे करावे, ही माझी विनंती. लिहिणारे हवालदार म्हणाले, "अहो, दोन्ही एकच." मी म्हणालो, "नाही साहेब. पाडलेलं पडूनच राहतं. थांबवतात ते खाली कोणी आहे का हे बघायला." हवालदारांनी मोठ्या साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "कर." शब्द खोडून शेजारी माझी सही घेतली. आता मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.