मत खोडायला माणूस हवा

धुक्यात मतदानाची रांग इतकी सावकाश सरकत होती, की रात्रपाळी उरकून आलेला पाववाला उभ्या उभ्याच पेंगत होता. पुढच्या दोघी बहिणींचं बोलणं त्याला स्वप्नातल्यासारखं, कापसातून आल्यासारखं ऐकू येत होतं.

"ताई, रडतेस कशाला?"

"लग्नापासून यांचं मत मी खोडत आले आणि माझं हे. आता हे गेले. माझं मत खरंच मोजलं जाईल गं!"

"मग चांगलंच की!"

"चांगलं कसलं? मास्तरीणबाई निवडून आल्या नि त्यांनी दिवे लावले, तर सगळं माझ्या डोक्यावर."

"एवढी खोडाखोडीच करायची, तर तू आणि भाऊजी घरीच का नाही बसलात?"

"एकदा ठरवलं होतं ना, दोघांनीही जायचं नाही. मी भाजीला म्हणून निघाले, हे दाढीला म्हणून. भेटलो कुठे, तर इथे रांगेत!"

ताई एकदम मागे वळली. "दादा, तुम्ही मास्तरीणबाईंविरुद्ध उभ्या वकिलाला मत द्याल का? यांच्या जागी?"

पाववाल्याने डोळे उघडले. "काकू, मीपण मास्तरीणबाईंनाच देणार."

"अगंबाई! म्हणजे दोन झाली?"

ताई आत गेली, बराच वेळ आतच राहिली आणि पदराने डोळे पुसत बाहेर आली.

"काय केलंस?"

"दिलं वकिलाला. यांच्या."

"मग, वाटतंय ना आता हलकं?"

"कसलं हलकं! आता हे रोज फोटोतून म्हणणार, बघ, मी सांगतच होतो."