देवी जेवली, साखर माझी वाढली

माझं काय सांगू तुम्हाला, जन्म रामघाटचा आणि सासर मंगला गौरीच्या गल्लीत, चालत सात मिनिटं, एवढाच माझा प्रवास. पूर्वज वेद शिकवायला कोकणातून काशीला आले म्हणतात, कोकण मी काही पाहिलेलं नाही. मी स्वयंपाक करते, महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात ना, त्यांना इथेही पुरणपोळी लागते, श्रीखंड लागतं, तीस वर्षं झाली, या गल्ल्यांत पोळी म्हणजे माझीच.

आणि सवाष्ण म्हणून मला मागणी फार बरं का. आपली मराठी घरं उरली किती, मग श्रावणातला शुक्रवार म्हणा, नवरात्र म्हणा, ओटी भरायला, जेवू घालायला फिरून फिरून आम्हीच पाच जणी. मधुमेह निघाला तेव्हा घरात साखर मी बंद केली, एकदम बंद, चहासुद्धा फिका, पण सवाष्णीच्या पानातली पुरणपोळी मी हिशेबात धरतच नव्हते, ती मी कुठे खाते, ती तर देवी जेवते. हसू नका, खरंच असं वाटायचं मला.

मग घाटाच्या सीढ्या चढवेनात. आधी एकदा थांबायची, मग तीनदा, सांस अशी फुलायची की गंगास्नान नको वाटायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी हृदय तपासलं, म्हणाल्या अम्मा, दिल कडक हो रहा है. मी म्हटलं रक्तात एवढी साखर आहे तर त्याला ताकद का नाही, तर त्या म्हणाल्या, समजा तुमच्या घरी गॅसही आहे आणि कोळशाची शेगडीही आहे, भरलेला सिलेंडर, म्हणजे साखर, दारात उभा, पण इन्सुलिन दार ठोठावतंय आणि आत कोणी नीट ऐकतच नाही, मग सगळा स्वयंपाक कोळशावर. हृदयाचा कोळसा म्हणजे चरबी, काम होतं, पण हवा जास्त लागते आणि काजळी धरते. चुलीपुढे जन्म काढलेली बाई मी, मला लगेच कळलं. देवीचं सांगितलं तर म्हणाल्या, जेवू दे देवीला, दिल तर तुमचंच आहे ना अम्मा. घरी येऊन रडले मी, घाबरले होते हो.

पुढच्याच शुक्रवारी समोरच्या घरी बोलावणं, तिथली सून पहिल्यांदाच सवाष्णी घालत होती, हौसेनं दोन पुरणपोळ्या वाढल्यान, वर तुपाची धार. सवाष्णीनं पान नाकारायचं म्हणजे केवढं वाईट, पण मी म्हटलं, सूनबाई, घासभर ठेव, बाकीचं उचल, भाजी वाढ, देवीला आता माझं हृदय सांभाळून जेवायचंय. पोरीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात शेजारच्या पानावरच्या काकू, पंचाहत्तरीच्या, म्हणाल्या, माझीही उचल गं, मला मधुमेह होऊन बारा वर्षं झाली, बोलू कुणाजवळ. मग तिसरी बोलली, चौथी बोलली, आणि ती सून पदरात तोंड घालून हसायलाच लागली! तेव्हापासून आमच्याकडे सवाष्णीच्या पानात पुरण घासभर, बाकी भाजी-भाकरी, आणि करते कोण, मीच.

गोळी चुकवत नाही, रोज चालते. आजार गेला नाही, डॉक्टरीणबाई म्हणतात लगाम लागलाय, लगाम तर लगाम. गेल्या सोमवारी स्नान करून निघाले ती थेट वर, सगळ्या सीढ्या, कुठ्ठे थांबले नाही, इतका आनंद झाला मला की काय सांगू. वळून बघते तर आमचे हे मध्येच बसलेले, छातीचा भाता झालेला. मी वरूनच ओरडले, अहो, उठा, उद्या तुमचीही शुगर तपासायची, मला अजून पुष्कळ वर्षं सवाष्ण म्हणून जेवायचंय!