गोळ्या इसरल्याचा गुण

बारामतीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी भागुबाई आणि बनाबाई नंबराची वाट बघत होत्या.

“बनाबाई, बीपीच्या, साखरेच्या, गुडघ्याच्या, एवढ्या गोळ्या ध्यानात राहत्यात तुमच्या?”

“राहत्यात की. पर लेकीला सांगते, इसरते म्हणून.”

“खोटं कशापायी?”

“ध्यानात हाय म्हणायचे, तवा ती सणासुदीलाच फोन करायची. आता रोज सांजच्याला करती. गोळ्या घे म्हणती, मग तासभर बोलत बसती.”

“अन् गोळ्या?”

“त्या फोनच्या आधीच घेतलेल्या असत्यात.”

दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. तेवढ्यात भागुबाईंना आत बोलावलं. दार उघडंच राहिलं.

“आजी, गोळ्या वेळेवर घेता ना?”

“घेते की, डॉक्टर. पर माझ्या लेकाला फोन करून सांगा, म्हातारी लई इसरती.”