डॉलर वाढला, वर्गणी वाढवा

डॉलर वाढला की कोण श्रीमंत होतं, हे मला विचारा. आमच्या कोल्हारच्या यात्रेची वर्गणी मागायला आम्ही चौघं शेजारच्या तात्यांकडं गेलो. त्यांचा पोरगा अमेरिकेत, म्हणून मीच तोऱ्यात म्हणालो, "तात्या, डॉलर लई वाढलाय. औंदा वर्गणीपण वाढवा!"

तात्या हसले. "आरं, त्यो तिकडं कमवीत न्हाई, शिकतोय. पैसं हितनं जात्यात. मागं त्याचं सहा म्हयन्याचं खोलीभाडं पाच गायींत भागलं. तेवढ्याच भाड्याला आता सहा इकल्या."

मी गोठ्याकडं पाहिलं. दावणीला एकच गाय उरली होती. मी गुपचूप पावतीपुस्तक मिटलं, तर तात्या चिडलेच.

"मिटतो काय? फाड पावती! देव तरी अजून रुपयाच घेतोय न्हवं?"