तीन नंबरचा ड्रायर

बाबा : सापडली! अगं, ड्रायरमध्ये आहे. तीन नंबरच्या. आत, ड्रममध्ये बसलीय गठुळं होऊन!

आई : आधी मेन स्विच पाडा.

बाबा : अगं, मशीन बंदच आहे, आत्ताच तर मी त्यातल्या चादरी…

आई : अहो, बटण बिघडलं म्हणून तुम्हीच त्याला वायर जोडून ठेवलीय ना? दार लागलं की आपोआप फिरायला लागतो तो! मेन पाडा म्हणते ना!

बाबा : अरे देवा! थांब… पाडला. पाडला गं. चारही मशीनं थांबली. हे बघ, एकही फिरत नाही आता. तुला काय दिसणार म्हणा फोनवर.

आई : दार उघडं आहे का लागलंय?

बाबा : बोटभर फट आहे. आतून चादर अडकवून धरलीय तिनं. मुंगे! ए मुंगे! बाहेर ये आधी!

आई : ओरडू नका.

बाबा : कोण ओरडतंय? साधं बोलतोय मी.

आई : साधं? फोन कानापासून हातभर लांब धरलाय मी. शेजारच्या सीटवरच्या बाईंना आपलं सगळं घर कळलं. जन्म गेला तुमचा लाँड्रीच्या धडधडीत, तुम्हाला तुमचाच आवाज ऐकू येत नाही आता. हळू. अजून हळू.

बाबा : बरं बाई, हळू. पण हळू बोलून ती बाहेर येणारे का? आत ऊब आहे अजून. दार ओढून घेतलं तर कोंडेल पोरगी. हात घालतो आणि काढतो ओढून, एका मिनिटात…

आई : हात लावायचा नाही!

बाबा : आई गं! लाथ मारली. आणि दार अजून आत ओढलं.

आई : सांगत होते ना! मागे चपलांच्या दुकानात ओढलंत तिला. काय झालं होतं?

बाबा : चावली.

आई : चावली, आणि डोकं आपटलं काउंटरवर. इथं तर पत्र्याची कड आहे. लांब व्हा बघू. फट आहे ना अजून?

बाबा : आहे. दोरा जाईल एवढी. अगं, आता आतून आवाजच येत नाही. श्वास घेतेय ना ती? मोबाइलचा उजेड मारून बघू का?

आई : उजेड नको. चादर हलतेय का, एवढंच बघा.

बाबा : हलतेय. वर-खाली होतेय. हो.

आई : मग मला आधी सांगा, झालं काय होतं?

बाबा : काहीसुद्धा झालं नाही. शप्पथ. तू गेल्यापासून गुणी बाळासारखी टेबलाखाली बसून बटणं मांडत होती ओळीनं. मी माझ्या कामात. लॉजच्या चादरींचा हा डोंगर पडलाय, संध्याकाळी माणूस न्यायला येणार. चारही मशीनं एकदम लावली. एक संपलं, भोंगा वाजला, आणि ही किंचाळत सुटली. मी म्हटलं, गप. गप बसेना. तेवढ्यात दुसऱ्याचा वाजला. वळून बघतो तर टेबलाखाली कोणी नाही. माळ्यावर बघितलं, रस्त्यावर धावून आलो. माझा जीव नुसता…

आई : भोंगा? भोंगा कुठला? ते तर बारीक पीं पीं वाजतं.

बाबा : ते मला ऐकू येत नाही ना. परवा नवा बसवला. ट्रकचा आहे.

आई : ट्रकचा!

बाबा : जुन्या बाजारात मिळाला. चांगला दणदणीत आहे.

आई : कपाळ माझं! चार भिंतींच्या आत ट्रकचा भोंगा, आणि तिथं मी पोरीला ठेवून आले.

बाबा : मला काय स्वप्न पडलं होतं? आम्ही नाही का वाढलो आवाजात? माझी आई मला धुण्याच्या गाठोड्यावर टाकून कामं करायची, मी ढाराढूर झोपायचो. सवय होते माणसाला. तूच लाडावून ठेवलीयस तिला, दुसरं काय.

आई : झालं, आलात मूळपदावर. थेरपीच्या बाई काय म्हणाल्या ते ऐकलंत तरी का त्या दिवशी?

बाबा : ऐकलं की. नळ का काहीतरी.

आई : भांडं लहान नाही, नळ मोठा आहे, असं म्हणाल्या. आपल्या कानात थेंब थेंब पडतं ते तिच्या कानात धो धो पडतं. आवाजच नाही, उजेड, वास, फ्रॉकची शिवणसुद्धा. भरलं की वाहणारच. तो हट्ट नसतो हो. तिचं तिलाच आवरत नसतं तेव्हा. उलटी होणाऱ्याला ‘गिळ’ म्हणून दम देतं का कोणी?

बाबा : मग मी करू काय? सांग ना! तुला जमतं हे, मला नाही जमत. तू जवळ घेतलंस की निवते, मी नुसता हात फिरवला की अंगावर पाल पडल्यासारखी उडते. बापाची भीती वाटावी असं काय केलंय मी तिचं?

आई : हात फिरवायचाच नसतो, दाबायचा असतो. किती वेळा… जाऊ द्या. पुढच्या स्टँडवर उतरते मी. परतीची गाडी मिळेल.

बाबा : उतरते म्हणजे? आज रुजू व्हायचंय तुला!

आई : माहीत आहे मला.

बाबा : आज नाही पोचलीस तर ती जागा दुसऱ्याला देऊन टाकतील. इस्त्री करता करता अभ्यास केलास. माझ्या डोळ्यांनी बघितलंय, एका हातात इस्त्री, एका हातात पुस्तक. दोन शर्ट जाळलेस त्या नादात.

आई : मग काय करू मी? मी तिकडं नवी नोकरी मिरवू आणि इकडं माझी पोर ड्रायरमध्ये? पहिल्याच दिवशी? नसतं एकेकाच्या नशिबात. आता वाद नको. स्टँड यायला थोडा वेळ आहे. तोवर तिच्याजवळ नुसते बसा. बोलायचं नाही, विचारायचं नाही, ओढायचं नाही.

बाबा : नुसतं बसू?

आई : खाली, जमिनीवर. तिच्यावर वाकून उभे राहू नका भुतासारखे.

बाबा : बसलो. गुडघे वाजले. तेवढं बरं ऐकू आलं मला.

आई : फोन चालू ठेवा. आणि गप्प.

(थोड्या वेळानं ड्रायरच्या फटीतून बारीक आवाज येतो.)

मुंगी : तो ओरडतोय.

बाबा : कोण, बाळा? मी तर गप्प आहे!

मुंगी : वरचा.

बाबा : वरचा कोण? वर कोणी नाही गं. छत आहे नुसतं.

आई : अहो, ट्यूबलाइट. तिचा आवाज येत असेल.

बाबा : ट्यूब कुठं ओरडते? मला तर काही… बरं. दिव्यांची लाइन वेगळी आहे. बंद करतो. केली. अंधारलं सगळं. दारातून येतोय तेवढाच उजेड. मुंगे, आता?

मुंगी : आता गेला.

बाबा : रोज ओरडतो तो?

मुंगी : रोज.

बाबा : मग कधी बोलली कशी नाहीस?

मुंगी : मला वाटलं, तुला माहितीये.

बाबा : मला… मला वाटायचं, तू उगाच टेबलाखाली जाऊन बसतेस.

मुंगी : तिथं कमी ओरडतो.

बाबा : ऐकलंस का गं? मी लोकांना हसून सांगत होतो, आमची मुंगी वारुळात राहते म्हणून.

मुंगी : बाबा, तुझा आवाज लागतो.

बाबा : लागतो म्हणजे?

मुंगी : इथं लागतो. कानाच्या आत. आणि पोटात.

बाबा : कोणी मारल्यासारखा?

मुंगी : हो.

बाबा : मी बोट नाही गं लावलं हिला आजवर. विचार हवं तर. एक चापट नाही मारली. आणि पोरगी म्हणते, लागतो.

आई : रडताय का तुम्ही?

बाबा : छे. … रडतोय. मला काय ठाऊक होतं गं हे?

मुंगी : आता कमी लागतो.

बाबा : आता? असा?

मुंगी : अजून कमी.

बाबा : असा?

मुंगी : हं.

बाबा : अहो बाईसाहेब, मला माझंच काही ऐकू येत नाहीये. ओठ हलतायत नुसते.

आई : तेच बरोबर आहे. तसेच हलू द्या.

बाबा : मुंगे, आत काय करतेस तू?

मुंगी : दबते.

बाबा : चादरीखाली?

मुंगी : चादर हलकी आहे. दबतच नाही.

बाबा : थांब हं. लॉजची ब्लँकेटं आहेत इथं, सुकलेली. एकेक उचलताना माझी कंबर मोडते. आत मावायची नाहीत ती. मी इथं खाली मांडतो. एक अंथरायला, बाकीची वर. आणि मी लांब सरकतो, पार त्या भिंतीपाशी. तुला यायचं तेव्हा ये. नाही आलीस तरी मी इथंच आहे.

मुंगी : ओढणार नाही?

बाबा : ओढणार नाही.

मुंगी : आणि भोंगा?

बाबा : मेन बंद आहे बाळा. त्याची आता वाचाच बसलीय.

आई : काय चाललंय? मला काही कळत नाहीये.

बाबा : श्श… दार ढकललं. एक पाय बाहेर आला. दुसरा. घामानं निथळतेय गं. रांगत गेली. शिरली ब्लँकेटात. नाकाचा शेंडा तेवढा बाहेर आहे.

आई : देवा रे! आली बाहेर…

मुंगी : बाबा, तू पण.

बाबा : मी काय?

मुंगी : वर बस.

बाबा : अगं, चिरडशील. मी काय ब्लँकेट आहे?

आई : तळहातानं दाबा. पाठीवर, खांद्यावर. कपड्यावर इस्त्री टेकवून दाबता ना, तसं. घाई नाही, फिरवाफिरव नाही. तोंड मोकळं ठेवा तिचं.

बाबा : हे बरंय, इस्त्री येते मला. मुंगे, असं?

मुंगी : अजून.

बाबा : असं?

मुंगी : हं. अजून.

बाबा : उडाली नाही गं. हात ठेवला आणि उडाली नाही. खाली श्वास लागतोय हाताला.

आई : स्टँड आला. कंडक्टर विचारतोय, उतरायचंय का.

बाबा : नको उतरूस.

आई : आज निभावलं. उद्या? परवा? सुरुवातीचे चार दिवस मला तिकडंच राहायचंय.

बाबा : मेन चालू करायच्या आधी ती वायर तोडतो. पहिलं काम ते. आणि भोंगा काढतो आजच. मशीन संपलं की नाही ते घड्याळात बघेन. कान गेले, डोळे आहेत अजून. लॉजवाल्याला सांगतो, चादरी उद्या. एक रात्र झोप म्हणावं उघड्या गादीवर.

आई : आणि तुमचं ओरडणं?

बाबा : ते होणारच गं. मला कळत नाही, हीच तर गोची आहे. मुंगे, असं करू. मी मोठ्यानं बोललो की माझं हे बोट दाबायचं. जोरात. करशील?

मुंगी : चावू?

बाबा : चावू नको गं बाई, दाब नुसतं! हे घे, धरून ठेव.

आई : मी काय सांगू त्याला? थांबलाय तो.

बाबा : तू येऊन जे करणार, ते मी करतोय. चुकेन, विचारेन तुला. पण तू जा.

आई : जेवताना तिला…

बाबा : विचारेन म्हटलं ना.

आई : बरं. … नाही हो, नाही उतरायचं. चला.

बाबा : निघाली बस? शाब्बास! जा तू बिनधास्त, आम्ही दोघं इथं मस्त मजेत… ओय! दाबलंस होय? मोठ्यानं झालं?

मुंगी : हं.

बाबा : आता?

मुंगी : अजून थोडं.

बाबा : आता?

मुंगी : आता बरोबर. आता बोल.