भागीरथीनं पत्र काहून नाही फोडलं

(हुडकेश्वर. कांताबाईंचं घर, दुपार. वाचनमंडळ चालवणाऱ्या निवृत्त प्राध्यापिका उत्तरा मॅडम आल्या आहेत. सून मोनाली चहा ठेवते आहे.)

कांताबाई: नाही मॅडम, मी आता येत नाही. हे पुस्तक तेवढं घेऊन जा.

उत्तरा: पुस्तक राहू द्या. ग्रुप का सोडला ते सांगा आधी. तीन दिवस फोनही उचलत नाही तुम्ही.

कांताबाई: उचलून काय बोलू? सगळे हासले.

उत्तरा: अहो, तुम्हाला नाही हसले! सगळ्यांना एकच प्रश्न होता. कादंबरीतल्या भागीरथीनं मुलाचं पत्र का फोडलं नाही? चारुशीला म्हणाली, 'ते तिचं मूक बंड आहे.' महादेवराव म्हणाले, 'ते तिचं मूक बंड आहे.' मग तुम्ही...

कांताबाई: ते तिचं मूक बंड आहे. दोन दिवस पाठ करून राहिली होती मी.

मोनाली: माझं चुकलं मॅडम. वाचनमंडळांसाठी एक साइट आहे. पुस्तकाचं नाव टाकलं की प्रश्न येतात, खाली तयार उत्तरं. मीच आईंना तिथलं लिहून दिलं.

उत्तरा: त्या दोघांनीही तिथूनच उचललं. आणि प्रश्न कुठला होता, माहीत आहे? मीच त्या साइटवरून काढला होता!

मोनाली: म्हणजे तुम्हीपण?

उत्तरा: मीपण. आळस, दुसरं काय! साइट चांगली आहे गं, नवी पुस्तकं कळतात, मुलाखती ऐकायला मिळतात. पण आम्ही सगळे एकाच ताटात जेवलो आणि ढेकर वेगवेगळे द्यायला निघालो.

कांताबाई: तुमचं चालते मॅडम. चारुशीलाबाई बँकेत मॅनेजर होत्या, महादेवराव वकील. ते हासून मोकळे. मी बोलली तं सगळ्याइनं माह्याकडंच पाह्यलं. का हिनं ढापलं.

उत्तरा: कुणी असं...

कांताबाई: पाह्यलं मॅडम. मले समजते.

उत्तरा: हं. पाहिलं असेल. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मोनाली: आईंनी पुस्तक दोनदा वाचलं मॅडम. मी एकदाही नाही.

उत्तरा: दोनदा? मग तयार उत्तर कशाला घेतलंत?

कांताबाई: माह्यं होतं ना माह्याजवळ! हिले सांगतलं तं म्हणे, आई, असं नका बोलू, लोकं हासतील.

मोनाली: तुम्ही जे म्हणत होत्या ते पुस्तकात कुठंच लिहिलं नाही ना, आई.

उत्तरा: काय म्हणत होत्या?

कांताबाई: जाऊ द्या जी.

उत्तरा: धरमपेठेहून एवढ्या उन्हात स्कूटी हाणत आले मी. ऐकल्याशिवाय जात नाही.

कांताबाई: तिले वाचता येत नव्हतं. बस.

मोनाली: पण ती तर रोज पोथी मांडून बसते म्हणे!

कांताबाई: मांडून बसते वं. पान कधी उलटते? एकदाही नाही. दुकानाची पाटी आली तं पोरीले म्हणते, चश्मा घरी राह्यला, तूच सांग. अख्ख्या पुस्तकात चश्मा कुठंच नाही तिच्या नाकावर. पत्र फोडलं तं कोणाले तरी वाचाले द्याच लागते. मंग गावाले समजन, पोराले समजन. म्हणून डब्यात लपवते. बंड कायचं जी! लाज आहे थे.

उत्तरा: इकडं द्या ते पुस्तक... अकरा वर्षं शिकवलं मी हे कॉलेजात. अकरा वर्षं मला वाटलं, बाई विसराळू आहे.

मोनाली: आई, तुम्हाला हे कसं दिसलं?

कांताबाई: मी बी तेच करत होती.

मोनाली: काय?

कांताबाई: उमरेडले बाप विणकर. भाऊ शाळेत गेला, मी मागाजवळ सुताच्या कांड्या भरत बसली. लग्न झालं तरी कोणाले सांगतलं नाही. पोराच्या शाळेतून चिठ्ठी आली का म्हणत होती, चश्मा सापडत नाही. तवा मले चश्मा लागलाच नव्हता.

मोनाली: मग वाचायला कधी शिकल्या?

कांताबाई: प्रेमानंद दुसरीत होता. तो अभ्यास करे अन् मी बाजूले पोळ्या लाटत बसे. 'मोठ्यानं वाच' मी म्हणे, 'बोट ठेवून वाच.' त्याले वाटे, माय तपासून राहिली. त्याच्या बोटासंग शिकली मी.

मोनाली: त्यांना माहीत आहे?

कांताबाई: काहीच नाही. अजून तो साऱ्याइले सांगते, माह्या मायनं मले शिकवलं.

उत्तरा: कांताबाई, रविवारी मंडळात फक्त भागीरथीचं बोला. स्वतःचं सांगायची काही गरज नाही.

कांताबाई: अन् महादेवरावानं इचारलं, तुमाले कसं समजलं, तं? साइटवर पाह्यलं म्हणू?

उत्तरा: तुम्ही ठरवा. पुस्तक मी इथंच ठेवते.

कांताबाई: मोनाली, प्रेमानंदले फोन लाव वं.

मोनाली: आत्ता? ते बुटीबोरीला ड्यूटीवर आहेत, आई.

कांताबाई: मंग संध्याकाळी तूच सांग. रविवारी सुट्टी घे म्हणा. मायले कोणं शिकवलं, ते त्यानं ऐकलं पाह्यजे.