चार मीटर अलीकडे

नाही, पण रेघ सरळ होती की नाही, ते बोला ना आधी! बाकी सगळं मान्य. अंतराचं मी बोलतच नाहीये, पण रेघ? सरळ होती!

तुम्हाला सांगतो, रस्त्यावर ते पांढरे पट्टे बघता ना, ज्यांच्यावर तुम्ही खुशाल गाड्या लावता, ते मी मारतो. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "अनुभव?" म्हटलं, "इयत्ता पाचवीपासून." खोटं नाही हो! शिवणाच्या तासाला मी रुमाल शिवला तो स्वतःच्या चड्डीसकट, मातीकामात हत्ती केला, त्याला बाईंनी बटाटा समजून दहापैकी आठ दिले, आणि खेळाच्या तासाला... खेळाच्या सरांनी मला एकदाच धावताना बघितलं आणि हातात फक्कीचा डबा दिला. फक्की म्हणजे ती चुन्याची पांढरी पूड, मैदान आखायची. "तू धावू नकोस बाळा," सर शिट्टी तोंडात ठेवूनच बोलायचे, "तू रेघ मार. फुर्रर्र! सरळ मार!" मारली. वर्षानुवर्षं मारली. पोरं पदकं घेऊन घरी जायची, मी खोकत जायचो.

आता दहावीचं वर्ष. क्रीडादिन. शर्यत शंभर मीटरची आणि टेप पन्नास मीटरची, म्हणजे दोनदा टाकायची. टाकली. शेवटची रेघ मारली, अशी सरळ की सर दोन मिनिटं शिट्टी काढून बघत राहिले. आणि त्या रेघेवरून आमच्या वर्गातली एक मुलगी तेरा पूर्णांक चार सेकंदांत गेली, शाळेचा विक्रम झाला, कार्यालयाबाहेरच्या फलकावर रंगाने तिचं नाव लिहिलं गेलं, आणि सहा वर्षांनी तीच मुलगी माझी बायको झाली! एवढी पळणारी पोरगी याच्या हाताला लागली कशी, असं सगळे नातेवाईक विचारायचे. मीही विचारायचो, मनातल्या मनात.

लग्नानंतर महिन्याभरात ही नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात मुकादम म्हणतो, "टेप हातात घेतली की आधी तिचं तोंड बघ. पुढचा तुकडा कधीच तुटलेला असतो, आकडा सुरू होतो दोनपासून, आणि गाढवं तशीच मोजत सुटतात." मला शाळेतली ती टेप आठवली. तिला तोंड... नव्हतंच. पहिले दोन मीटर गायब. आणि मी टाकली होती दोनदा! म्हणजे शंभरची शर्यत झाली शहाण्णवची! रेघ सरळ होती, पण नको तिथे होती.

सांगणार कसं? घरी गॅसवाला आला तरी बायको त्याला त्या फलकाचा फोटो दाखवते. शाळेने पुढच्याच वर्षी नवी टेप आणली, आणि त्यानंतर एकाही पोरीला तो विक्रम मोडता आला नाही. कसा मोडणार? मग त्याच शाळेत आमची पोरगी धावायला लागली. "आईचा विक्रम मोडणार मी!" आठवीत नाही. नववीत नाही. तेरा पूर्णांक आठ! माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, "बाबा, माझ्या पायांत काय कमी आहे हो?" काय सांगू? तुझ्या पायांत काही कमी नाही बाळा, तुझ्या आईच्या मैदानात होतं? जीव तुटायचा माझा, खरं सांगतो. तोंड उघडलं तर बायको दुखावते, मिटलं तर पोरगी रडते.

यंदा पोरीची दहावी, म्हणजे शेवटची संधी. मैदान आखायला शाळेने घरचाच माणूस धरला. आदल्या संध्याकाळी मी पोलादी टेप घेऊन, तिचं तोंड तीनदा तपासून, बरोब्बर शंभरावर उभा, तेवढ्यात मागून बायको. चारचौघांत मी अहो असतो, एकटा सापडलो की अरे.

"अरे, चार मीटर अलीकडे घे."

"क... काय?"

"माझ्या वेळी होती तिथे घे ना. मला काय कळलं नव्हतं? दुसऱ्याच दिवशी पावलं मोजली होती मी. माझ्यासाठी तू सरांच्या डोळ्यांत धूळ फेकलीस, तेवढ्यावर तर लग्नाला हो म्हटलं. नाहीतर दुसरं काय होतं रे तुझ्यात?"

आता इथे तुटक्या टेपचं नाव काढू? संसार आहे हो माझा! म्हटलं, "हो ना, तुझ्यासाठीच." आणि मुकाट्याने चार मीटर अलीकडे फक्की टाकली. सरळ.

पोरगी तेरा पूर्णांक तीनमध्ये गेली! माझ्या गळ्यात पडून नाचली, फलकावर आईचं नाव जाऊन लेकीचं आलं, मी डोळे पुसले, आणि ते काही चुन्यामुळे नाही. म्हटलं, सुटलो एकदाचा. घरी येतो तर बायको तोंड फुगवून बसलेली.

"विक्रम गेला म्हणून?"

"विक्रमाचं काय घेऊन बसलास? माझ्या वेळी न सांगता केलं होतंस. पोटच्या पोरीच्या वेळी मी सांगेपर्यंत शंभरावर उभा होतास. माया आटली रे तुझी!"

आता बोला!

म्हटलं, "रेघ... सरळ होती ना?"